पायाची साक्ष

"ही पेटी तुम्ही बसवून घेतलीत का हो?"

मास्तरांनी हे विचारलं तेव्हा ते आमच्या गाडीत उताणे पडलेले होते. पाठ ड्रायव्हरच्या सीटपुढच्या पायपुसण्यावर, डोकं पेडलांच्या खाली घातलेलं आणि गुडघ्यापासून पुढचे पाय उघड्या दारातून बाहेर. मला त्यांचे बूटच तेवढे दिसत होते, त्यामुळे तो प्रश्न बुटांनीच विचारल्यासारखा वाटला. "कुठली पेटी?" मी म्हटलं. मी गाडीपासून चार पावलं लांब, पर्स पोटाशी धरून, मागच्या चाकाच्या बाजूला उभी होते. गाडीच्या पुढे मी उभी राहत नाही. चार वर्षं झाली, कुठल्याच गाडीच्या पुढे राहत नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा थांबलेल्या गाडीच्या मागून जाते, मग त्यासाठी चार पावलं उलटं चालावं लागलं तरी. "इथे, एक्सिलेटरच्या वर," मास्तर म्हणाले. "काडेपेटीएवढी आहे. हात घातल्याशिवाय दिसायची नाही. कंपनीची नाही ही. तुमच्या मिस्टरांनी बसवली असेल." "त्याने?" मी म्हटलं, आणि का कोण जाणे, मला घाम फुटला. कपाळाला नाही, हातांना नाही. उजव्या तळपायाला.

मास्तर हे त्यांचं सगळ्यांनी पाडलेलं नाव. तंत्रशाळेत तीस वर्षं इंजिन शिकवून निवृत्त झालेले, आणि आता जुनी गाडी घेणारे लोक आधी त्यांना पाठवतात. आमची गाडी आमच्याच हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरना घ्यायची होती, त्यांनी यांना धाडलं होतं. खरं तर नवरा थांबणार होता. तो जमीनमोजणीच्या खात्यात आहे. आदल्या दिवशी म्हणाला, उद्या साइटवर जावं लागतंय, तू अर्धी रजा टाक. किल्ली द्यायची आणि बाजूला उभं राहायचं, एवढंच काम. गाडी विकायचा विषयही त्यानेच काढला होता आणि मी 'चालेल' म्हणाले होते, इतक्या चटकन, की नंतर थोडा वेळ आम्ही दोघंही उगाचच पेपरमध्ये डोकं घालून बसलो होतो.

तासभर मास्तर गाडी तपासत होते आणि वर्गात शिकवल्यासारखे बोलत होते. त्यांनी आधी गाडी चालूच केली नाही. बॉनेट उघडून इंजिनाच्या कॉम्प्युटरचं झाकण हातातल्या बॅटरीच्या उजेडात नीट बघितलं. "हे स्क्रू बघा. कंपनीतून निघाल्यावर यांना जन्मात कुणी हात लावायचं कारण नाही. यांची डोकी कशी खरवडलीत! आणि ही गोंदाची रेघ. कडेची जुनी काळी आहे, त्यावर ही राखाडी. कुणीतरी उघडून परत चिकटवलंय." मग स्टिअरिंगखाली वायर जोडून त्यांनी लॅपटॉपवर आकडे आणले. कॉम्प्युटरमध्ये जो प्रोग्रॅम असतो त्याला म्हणे क्रमांक असतो, आणि आमच्या गाडीतला क्रमांक कंपनीच्या यादीत कुठेच नव्हता. मग ते गाडीखाली गेले आणि धूर जायच्या नळीवरचा सेन्सर त्यांनी मला वाकून बघायला लावला. त्याच्या बुडाशी अंगठ्याएवढा एक लोखंडी जोड होता. "याला धुरापासून वर उचलून धरलंय. म्हणजे नाकाला रुमाल बांधायचा आणि मग विचारायचं, का रे, वास येतो का? तो बिचारा म्हणतो, नाही बुवा." मी हसले. हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं. "म्हणजे होतं काय याने?" "पळते जास्त. धूर जास्त. आणि तक्रारीचा दिवा कधी लागत नाही, तो आतूनच बंद केलेला असतो. आधीच्या मालकाला हौस असणार." मी मान डोलवली; मी ऐकण्याच्या तपासणीचा आलेख समजावून सांगते तेव्हा पेशंटचे नातेवाईक डोलवतात तशी, म्हणजे काहीही न कळता. आणि त्यानंतर ते पेडलांखाली शिरले.

या गाडीत मी शेवटची बसले ती चार वर्षांपूर्वी. म्हणजे चालवायला. गाडी जुनीच, दुसऱ्याकडून घेतलेली; ती घेऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. ताई, माझी मोठी नणंद, आमच्याकडे आली होती. ताई शाळेत खेळ शिकवते. तिचं चालणंसुद्धा शिट्टी मारल्यासारखं असायचं, दोन जिने एका दमात, पिशव्या दोन्ही हातांत आणि वर बोलणं चालूच. आम्ही दोघी बाजारातून आलो. आमच्या पार्किंगच्या जागेला एका बाजूला खांब आहे आणि समोर भिंत, त्यामुळे मी नेहमी चाचपडत गाडी लावायचे. ताई आधी उतरली, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि हाताने बोलवायला लागली. ये. ये. सरळ ये. अजून दोन हात आहेत. मी येत होते. मुंगीच्या पावलाने येत होते. आणि मग गाडीने उडी मारली. दीड हात, फार तर दोन. मला किंकाळी ऐकू आली नाही, मोडल्याचा आवाज ऐकू आला नाही. काचेपलीकडून ताईचा नेहमीचा आवाज आला, खुर्ची सरकवायला सांगावं तसा. "अगं, मागे घे ना जरा." तिचा डावा गुडघा बंपर आणि भिंत यांच्या मध्ये होता.

त्यानंतरच्या दिवसांत सगळे माझ्याशी फार चांगले वागले. तेच मला सोसलं नाही. 'होतं असं', सगळे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, शेजारचे म्हणाले, विम्याच्या माणसाने तर फॉर्मवर मी सांगायच्या आधीच लिहिलं, चुकून एक्सिलेटर दाबला गेला. ब्रेकऐवजी एक्सिलेटर, सगळ्यात जास्त हेच होतं, बायकांचं तर होतंच. पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मी म्हणाले होते की नाही, मी एक्सिलेटरवरून पाय उचलला होता, ब्रेककडे नेत होते, मध्येच ती उडाली. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलला नाही. आठवड्याने मी तेच सांगितलं, पण 'मला वाटतं' असं पुढे जोडून. महिन्याभराने सांगणं सोडलं. आणि तिसऱ्या महिन्यात कधीतरी, भांडी विसळत असताना, मला ते आठवलं. स्पष्ट आठवलं. सपातीच्या पातळ तळव्याखाली एक्सिलेटरची ती अरुंद, किंचित तिरकी पट्टी, आणि ती खाली जातेय. ब्रेक रुंद असतो, हा अरुंद. मी दाबतेय. कुठून आली ही आठवण? आधी नव्हती. पण आल्यावर ती पहिल्यापासून असल्यासारखी राहिली, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे थोडं बरंही वाटलं. निदान आता मी आणि बाकी सगळे एकाच बाजूला होतो.

आणि हे मला, मलाच व्हावं! मी कानाच्या विभागात ऐकण्याची तपासणी करते. बावीस वर्षं तेच करतेय. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. मी काचेच्या अलीकडे बसून आवाज सोडते आणि मधूनमधून मुद्दाम सोडत नाही. त्या शांततेतही लोक दाबतात. खोटं बोलायचं म्हणून नाही, अगदी मनापासून दाबतात. एक म्हातारे सुतार होते, दहा शांततांत सहा वेळा दाबलं त्यांनी. मी म्हटलं, काका, तेव्हा आवाज नव्हता. ते रागावले. "मग माझं बोट काय उगाच हललं?" माझं उलटं झालं होतं. गाडी हलली होती, म्हणजे पाय हललाच असणार. मी रोज सकाळी दहा ते पाच लोकांच्या साक्षी तपासते, आणि माझ्या पायाची साक्ष मात्र मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून बदलून घेतली. हा विचार मला चार वर्षांत एकदाही आला नव्हता. तो मास्तरांच्या बुटांकडे बघताना आला, आणि आल्याबरोबर मी चार पावलं पुढे जाऊन पर्स गाडीच्या टपावर ठेवली.

"जरा इकडे येता का?" मास्तर उठून बसले होते. त्यांनी लॅपटॉप सीटवर ठेवला आणि मला पुढच्या दाराशी बोलावलं. गाडीची किल्ली फिरवलेली होती, इंजिन बंद होतं. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक हिरवी, दोन्ही तळाशी झोपलेल्या. "पेडल किती दाबलंय ते सांगणारे दोन सेन्सर असतात. दोन का, तर एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून पकडता यावा. आता मी बोटाने दाबतो." त्यांनी पेडल किंचित, अगदी किंचित दाबलं. दोन्ही रेघा उसळून अर्ध्यावर गेल्या. "बघितलंत? पाय सांगतो दोन, ही पेटी पुढे सांगते सहा. गाडी चपळ वाटावी म्हणून लावतात लोक. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, सवयीचा प्रश्न आहे. आता हे बघा." त्यांनी पेडलवरचा हात काढला, दोन्ही हात मला दाखवले, हातचलाखीवाले दाखवतात तसे, आणि मग पेटीकडे जाणाऱ्या वायरीला वरच्या वर नुसती टिचकी मारली.

रेघा उडाल्या. दोन्ही एकदम. जवळजवळ निम्म्यापर्यंत, आणि क्षणभर तिथेच थरथरत राहून खाली आल्या.

"हिच्या जोडाची कडी मोडलीय. टेपने गुंडाळून ठेवलंय, टेप वाळून सुटलाय. गचका बसला, पाय वर उचलताना वायरीला लागला, की हे असं. आणि पेटी दोन्ही तारांना एकच खोटं सांगते, म्हणून कॉम्प्युटरला संशयच येत नाही. आला असता तरी दिवा बंद." मी म्हटलं, परत करा. त्यांनी परत टिचकी मारली. रेघा परत उडाल्या. मी म्हटलं, परत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत मारली. तिथे, पार्किंगच्या त्या अर्धवट उजेडात, एका परक्या माणसाला मी चार वाक्यांत सगळं सांगितलं. चार वर्षांत कुणालाच इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. ते ऐकत राहिले. 'होतं असं' म्हणाले नाहीत. चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाले, "त्या दिवशी काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी तिथे नव्हतो. पण हा टेप काल-परवाचा नाही, चार-पाच वर्षांची धूळ आहे याच्यावर. आणि आज, कुणाचाही पाय नसताना, ही काय करते ते तुम्ही स्वतः बघितलंत. मी असतो तर माझ्या मुलीला या गाडीत बसू दिलं नसतं." मग त्यांनी ती पेटी सोडवली, पेडलचा जोड सरळ मूळ वायरीत बसवला, आणि पेटी माझ्या तळहातावर ठेवली. वजन नव्हतंच तिला काही. "मूळ प्रोग्रॅम परत टाकून घ्या, सेन्सर जागेवर बसवा, नळीतली धूर गाळायची जाळी बहुतेक काढून टाकलेली आहे, ती नवी घाला. तोपर्यंत वर्कशॉपपलीकडे नेऊ नका. सिस्टरना मी सांगतो, आत्ता घेऊ नका म्हणून."

ते गेल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही; पायऱ्या चढताना अंग इतकं हलकं झालं होतं की कठडा धरावा लागला. पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दुसरंच काहीतरी वर आलं. पेटी तुमच्या मिस्टरांनी बसवली असेल. त्याला चपळ गाडीचं कौतुक होतं. घेतली तेव्हा महिनाभर तो सगळ्यांना सांगत होता, काय उचलते, नुसता पाय ठेवायचा अवकाश. आणि ताईचा गुडघा मोडला त्या संध्याकाळी त्याने माझ्या पर्समधून किल्ली काढून स्वतःच्या जुडग्यात अडकवली होती. एक शब्द न बोलता. ती त्यानंतर कधी माझ्याकडे आली नाही, मी मागितली नाही. तेव्हापासून मी धरून चालले होते की बाकीचे तोंडाने बोलतात ते हा किल्लीने बोलला. मी त्याला फोन लावला. "तू गाडीच्या पेडलपाशी काही बसवलं होतंस?" पलीकडे वारा होता, कुणीतरी लांबून आकडे ओरडून सांगत होतं. "मी? नाही. का?" मी सांगितलं. सगळं ऐकून त्याने आधी त्या आकडे ओरडणाऱ्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "मी लवकर येतो." "आत्ता बोल ना." "फोनवर नको गं."

दुपारी मी कामावर गेले. पाच पेशंट होते. मी आवाज सोडत होते आणि ते बटण दाबत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्या बाजूचा दिवा लागला की मला तेच ऐकू येत होतं. फोनवर नको. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला फोनवर काय नको असतं? एका मुलीची तपासणी मला पहिल्यापासून परत करावी लागली, कारण मी उजव्या कानाचे आकडे डाव्या रकान्यात लिहिले होते. तिची आई म्हणाली, असू दे हो, होतं असं. मी त्यांच्याकडे बहुतेक विचित्र नजरेने बघितलं असावं.

तो पाचलाच घरी आलेला होता. चहा करून, दोन कप भरून, दोन्हीवर साय धरेपर्यंत वाट बघत टेबलाशी बसला होता. पेटी मी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती हातात घेतली नाही, नुसता वाकून बघत राहिला. "मी नाही बसवली," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हती. आधीच्या मालकाचीच असणार. पण मला एकदा हिसका बसला होता. गाडी घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात. पुलाच्या चढावर रांगेत उभा होतो, पाय उचलला आणि गाडी पुढे झेपावली. पुढच्या स्कूटरला वीतभर राहिली. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, फारच चपळ आहे."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुझं झाल्यावर आठवलं. त्याच दिवशी, हॉस्पिटलात, तू सांगत होतीस तेव्हाच. तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता ना मी, तेव्हा सांगणारच होतो." त्याने पेटी बोटाने थोडी लांब सरकवली. "पण गाडी घेतली कुणी? मी. ताई म्हणत होती कुणाला तरी दाखवून घे. मी म्हटलं, मला काय कळत नाही? मग मी शोरूमला नेली, तुम्हाला न सांगता. त्यांनी मशीन लावलं आणि म्हणाले, एकही दोष नाही, दिवा नाही, काही नाही. दोनदा नेली. मग मला वाटलं, माझा भ्रम असेल. बायकोची चूक झाकायला माझं डोकं काहीतरी रचतंय. पण तुला परत तिच्यात बसवायची हिंमत होईना. म्हणून किल्ली ठेवली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. किल्ली. माझ्यावर विश्वास नाही म्हणून गेलेली किल्ली गाडीवर विश्वास नाही म्हणून गेली होती. आणि मग एकेक आठवायला लागलं. हा पार्किंगमधून गाडी काढताना काच खाली करून लोकांना हाताने बाजूला व्हायला सांगायचा. मी समजत होते मिरवतोय. मला नेहमी मागे बसायला लावायचा. चढावर पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचा की मागचे हॉर्न मारायचे. चार वर्षं हा माणूस त्या गाडीत एकटा घाबरून बसत होता, आणि शेजारच्या उशीवर मी. "आणि अशी गाडी सिस्टरना द्यायला निघालास?" मी विचारलं. "मास्तरांना पाठवा असं मीच म्हटलं त्यांना. म्हटलं, इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं उघडून बघायला सांगा, त्याशिवाय घेऊ नका." "आज साइटवर खरंच काम होतं?" त्याने कपातली साय चमच्याने बाजूला केली. "होतं. पण माझ्यावाचूनही झालं असतं."

मी रागावले. खूप रागावले. 'चार वर्षं' एवढंच म्हणाले आणि उठून बाल्कनीत गेले. त्याने एक वाक्य बोललं असतं तर? एकच. मला हिसका बसला होता. ते पुराव्याला पुरलं नसतं, ताईचा गुडघा जोडला गेला नसता, पण मी ती अरुंद पट्टी तळव्याखाली आठवत बसले नसते. खाली एक बाई सायकल शिकत होती, दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत. मी ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. राग होता, पण त्याच्याखाली कुठेतरी जमीन लागली होती. इतके दिवस रागालाही तळ नव्हता. तो मागे येऊन उभा राहिला, पण खांद्यावर हात ठेवला नाही. "ताईला तू सांग," मी म्हटलं. "नाही," तो म्हणाला, "आपण दोघं सांगू."

रविवारी सकाळी आम्ही ताईकडे गेलो. ती आता तळमजल्यावर राहते. दार उघडंच होतं आणि ती खुर्चीत बसून पायाला वाळूची पिशवी बांधून तो वर-खाली करत होती, मोजत होती, आणि तीसपर्यंत पोचल्याशिवाय तिने आमच्याकडे बघितलं नाही. मग नवऱ्याने सांगितलं, अडखळत, पुलाच्या चढापासून. मी पेटी दाखवली. ताईने ती उलटसुलट केली, कानाशी धरून हलवली.

"म्हणजे," ती म्हणाली, "चार वर्षं मी हिला फुकटच माफ करत होते?"

तिने पेटी मांडीवर ठेवली. "नाही, मला कळू दे. किती कष्ट पडलेत मला, माहितेय? पहिलं वर्षभर तर रोज सकाळी उठून दात घासताना करायचे. आज माफ केलं. आज परत माफ केलं. थंडीत गुडघा ठणकला की दोनदा करावं लागायचं. आणि हा गाढव," तिने भावाकडे न बघता त्याच्याकडे बोट केलं, "याच्या वाट्याचं मी करायलाच घेतलं नाही अजून. आता या वयात परत पहिल्यापासून?" मी हसले, आणि हसताहसताच रडायला लागले, तोंडावर हात न घेता, लहान पोरासारखी. ताईने पायाची पिशवी सोडली. "इकडे ये. एक सांगू? गाडी आदळायच्या आधी तिचं नाक खाली वाकलं होतं. जोरात ब्रेक लावल्यावर वाकतं ना, तसं. मी समोरच होते, मी बघितलंय. म्हणूनच तर गुडघा मोडण्यावर भागलं, नाहीतर पाय गेला असता. मी धरून चालले की आधी चुकीचं दाबलंस, मग बरोबर." "हे तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं. "मला कुणी विचारलं? सगळे गुडघ्याबद्दल विचारत होते. आणि तू तर काहीच विचारत नव्हतीस. यायचीस, फळं ठेवायचीस, माझ्या पायाकडे न बघता जायचीस. मला गुडघ्यापेक्षा त्याचा जास्त राग यायचा."

माझा पाय ब्रेकवर होता. म्हणजे गेला होता, वेळेत नाही पण गेला होता. मी ताईच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले होते आणि तिच्या गुडघ्यावरचा व्रण पहिल्यांदाच जवळून बघत होते. लांब होता, टाक्यांच्या खुणांसकट, सरळ. मी त्यावर हात ठेवला. "गार आहे तुझा हात," ताई म्हणाली, आणि पाय काढून घेतला नाही.

गाडी दहा दिवस वर्कशॉपमध्ये होती. मास्तर स्वतः जाऊन उभे राहिले. मूळ प्रोग्रॅम टाकून घेतला, सेन्सर जागेवर, नळीत जाळी नवी. परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. आधी तळाशी एक बारीक घरघर असायची, ती गेली होती. कुणाला जाणवली नसती, मला जाणवली. सिस्टरनी दरम्यान दुसरी गाडी बघितली होती, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. नवऱ्याने किल्ली जुडग्यातून सोडवून टेबलावर ठेवली आणि तो अंघोळीला गेला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

पहिले तीन दिवस मी नुसती इमारतीभोवती फेऱ्या मारल्या. पेडल आता जड वाटायचं, सांगितलं तेवढंच करायचं. आणि एक कबूल करायला हवं. ती आठवण गेलेली नाही. पातळ तळव्याखालची अरुंद पट्टी अजून येते, पहिल्यासारखीच स्पष्ट. खरं कळलं म्हणून ती आपला मुक्काम हलवत नाही. पण आता ती आली की मी तिच्याकडे काचेच्या अलीकडून बघते. दाबलं तुम्ही, काका, पण आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. "मला न्यायला ये. कुठे जायचं ते नंतर बघू. घरात बसून कंटाळा आलाय." ती काठी मागच्या सीटवर टाकून माझ्या शेजारी बसली, सीट मागे सरकवून पाय लांब केला आणि सूचना द्यायला सुरुवात केली. डावीकडे घे. एवढी हळू काय चालवतेस, मागचा बघ कसा तोंड वाकडं करतोय. तो सिग्नल सुटलाय, जा ना. मी शहराबाहेरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना गोदामं होती, मग ती संपली आणि मोकळी शेतं सुरू झाली, ऊन तिरकं आत यायला लागलं. ताई तिच्या शाळेतल्या एका मुलीबद्दल सांगत होती, उंच उडी मारताना डोळे मिटून घेते ती, आणि तरी सगळ्यांत वर जाते. किती सांगितलं तरी ऐकत नाही, म्हणते, बाई, दांडी दिसली की मला भीती... मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आला नाही. मी नजर वळवून बघितलं. ताईचं डोकं खिडकीकडे कललं होतं, तोंड उघडं होतं आणि ती घोरत होती. बारीक, एका लयीत.

पुढे वळायची जागा आली. मी वळले नाही. रस्ता सरळ होता, गाडी एका वेगात चालली होती. मी पाय होता तिथेच ठेवला, अगदी हलका, आणि तिची झोप मोडू नये म्हणून खड्डे चुकवत जात राहिले.